क्लफची आठवण आणि आठवणीतला क्लफ

मागच्या सेमिस्टरला, ऐन सबमिशनच्या आठवड्यात, आमच्या विंगमध्ये जोरदार वाद पेटला. विषय अर्थातच सबमिशनचा नव्हता. ‘जगातला सगळ्यात भारी फुटबॉल मॅनेजर कोण?’ हा होता. फर्ग्युसन झाला, वेंगर झाला, गार्डिओला, क्लॉप, मोरिन्यो सगळे झाले. मी मध्येच म्हटलं, "ब्रायन क्लफ." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग कुणीतरी विचारलं, "हा कुठल्या टीमचा?"

झालं! मला हेच हवं होतं. क्लफवरचा ‘द डॅम्ड युनायटेड’ हा २००९ सालचा सिनेमा मी नुकताच पाहिला होता. त्यानंतर जुन्या मॅचेस, मुलाखती, नॉटिंगहॅमच्या लोकांच्या आठवणी असं जे मिळेल ते बघण्या-वाचण्यात कितीतरी रात्री घालवल्या होत्या. (त्या रात्रींचा हिशोब माझ्या मार्कशीटमध्ये सापडेल.) दोन वाजेपर्यंत मी किस्से सांगत होतो आणि सगळे खदाखदा हसत होते. माझा रूम पार्टनर मात्र गप्प. तो लिव्हरपूलचा कट्टर भक्त. शेवटी तो एवढंच म्हणाला, "किस्से मस्त आहेत रे. पण हिल्सबरोबद्दल तुझा हा हिरो काय बोलला होता, ते माहीत आहे का तुला?"

मला माहीत नव्हतं. मी वाचलेल्या आठवणींत ते कुठे आलंच नव्हतं. त्या प्रश्नामुळे मी सगळं पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी किस्से थोडे बाजूला ठेवून. हा लेख त्यातून झाला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी दोन शब्दांचा खुलासा. पहिला शब्द क्लफ. याचं स्पेलिंग असं आहे की आपण हमखास ‘क्लाऊ’ वाचतो, पण उच्चार ‘रफ’ आणि ‘टफ’च्या जोडीला बसणारा, क्लफ. दुसरा शब्द मॅनेजर. मराठी पेपरात याला प्रशिक्षक म्हणतात, पण तेवढ्याने भागत नाही. त्या काळच्या इंग्लिश क्लबमध्ये मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, खेळाडू विकत घेणारा नि विकणारा, त्यांना शिस्त लावणारा, पेपरवाल्यांना तोंड देणारा, असा सबकुछ माणूस. क्लब मालकाचा असला तरी लोकांच्या लेखी तो मॅनेजरचा असे.

क्लफचा जन्म १९३५ सालचा, मिडल्सबरोचा. स्वतः जबरदस्त गोल करणारा खेळाडू. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल! २६ डिसेंबर १९६२ ला संडरलंडकडून खेळताना गोलकीपरशी धडक झाली आणि गुडघा कायमचा गेला. तेव्हा तो होता २७ वर्षांचा. तिसाव्या वर्षी तो हार्टलपूल्स या तळाच्या क्लबचा मॅनेजर झाला. सोबत त्याने बोलावून घेतला पीटर टेलर, मिडल्सबरोच्या दिवसांतला गोलकीपर मित्र. हे नाव लक्षात ठेवा. मी सुरुवातीला ठेवलं नव्हतं.

१९६७ साली ही जोडी डर्बीला आली. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना डर्बी माहीत असेल ती रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांमुळे. फेब्रुवारी १९७१ मध्ये आरबी-२११ या इंजिनाच्या खर्चापायी ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. ज्या गावात घरटी कुणी ना कुणी त्या कारखान्यात, त्या गावाचं काय झालं असेल याची कल्पना करा. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १९७२ मध्ये, डर्बी काउंटी इतिहासात पहिल्यांदा इंग्लंडची चॅम्पियन झाली. तीही कशी? डर्बीचे सामने संपले होते, टेलर टीमला घेऊन मायोर्काला गेलेला, क्लफ कुटुंबाला घेऊन सिली बेटांवर. तिकडे लीड्स हरली, लिव्हरपूलची बरोबरी झाली आणि हे लोक सुट्टीवर असतानाच चॅम्पियन झाले. दीड वर्षात मालकांशी भांडण झालं, दोघांनी राजीनामे दिले, आणि डर्बीच्या लोकांनी ‘आमचा मॅनेजर परत द्या’ म्हणून आंदोलन केलं. कारखान्यासाठी संप करणारी माणसं मॅनेजरसाठी सभा भरवू लागली.

मग ब्रायटन, मग १९७४ मध्ये लीड्समधले ते प्रसिद्ध ४४ दिवस. त्यावर डेव्हिड पीसची कादंबरी आहे आणि त्यावरून तो सिनेमा. दोन्ही क्लफच्या घरच्यांना अजिबात आवडली नाहीत, आणि लीड्सचा खेळाडू जॉनी जाइल्स कादंबरीच्या प्रकाशकाविरुद्ध कोर्टात गेला. मी मात्र तोच सिनेमा बघून क्लफतज्ज्ञ झालो होतो! असो.

६ जानेवारी १९७५ ला क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. फॉरेस्ट तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तेराव्या नंबरवर. तिथे आधीपासून असलेल्या खेळाडूंत पाच नावं होती: व्हिव्ह ॲंडरसन, मार्टिन ओनील, इयन बॉयर, टोनी वुडकॉक आणि जॉन रॉबर्टसन. रॉबर्टसन तर ट्रान्स्फर लिस्टवरचा, वजन वाढलेला, सिगारेट ओढणारा, ज्याच्याकडे बघून कुणीही ‘हा ड्रॉप लागणार’ असंच म्हणेल. १९७७ मध्ये टीम तिसरी येऊन कशीबशी वर चढली. १९७८ मध्ये थेट इंग्लंडची चॅम्पियन, दुसऱ्या नंबरच्या लिव्हरपूलपेक्षा सात गुण जास्त, पूर्ण सीझनमध्ये फक्त २४ गोल खाऊन. नोव्हेंबर १९७७ ते नोव्हेंबर १९७८ या काळात लीगचे सलग ४२ सामने न हरता.

मग युरोपियन कप. पहिल्याच फेरीत समोर लिव्हरपूल, दोन वर्षांचे युरोपियन चॅम्पियन. घरी २-० आणि ॲनफिल्डवर ०-०. (हे मी रूम पार्टनरला दोनदा सांगितलं.) ३० मे १९७९ ला म्युनिकमध्ये फायनल, स्वीडनच्या माल्मोशी. डाव्या बाजूने त्याच ‘ड्रॉप लागणाऱ्या’ रॉबर्टसनने क्रॉस टाकला आणि ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने गोल केला. फ्रान्सिस हा दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये हॅम्बुर्गविरुद्ध पुन्हा १-०, आणि या वेळी गोल रॉबर्टसनचाच. त्या जुन्या पाचांपैकी तिघे दोन्ही फायनल खेळले. आपल्या देशाची लीग एकदा आणि युरोपियन कप दोनदा जिंकणारा दुसरा क्लब आजवर झालेला नाही.

आता आठवणींकडे येऊ. नॉटिंगहॅमच्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी वाचल्या की एक गंमत लक्षात येते. त्यांत डावपेच जवळजवळ नसतातच. असतो तो हिरवा स्वेटशर्ट. असतो तो नाकातला आवाज आणि कुणालाही ‘यंग मॅन’ म्हणून सुनावणं. मैदानात शिव्यांचा पूर यायला लागला तेव्हा त्याने पाटी लावली होती, ‘सभ्य गृहस्थहो, कृपया शिव्या नकोत’, आणि खाली सही फक्त ‘ब्रायन’. खेळाडूशी मतभेद झाले तर काय करता, असं टीव्हीवर विचारलं तेव्हा म्हणाला, वीस मिनिटं चर्चा करतो आणि मग माझंच बरोबर होतं असं ठरवतो. मी सर्वोत्तम मॅनेजर आहे असं म्हणणार नाही, पण पहिल्या एकात नक्की आहे, हेही त्याचंच.

१९७९ च्या लीग कप फायनलच्या आदल्या रात्रीचा किस्सा तर खेळाडू स्वतः सांगतात. क्लफ आणि टेलरने सगळ्यांना हॉटेलच्या एका खोलीत बसवलं, शॅम्पेन मागवली आणि कुणालाही झोपायला जाऊ देईनात. आर्ची गेमिल लवकर झोपणारा, तो उठला तर त्यालाही खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी वेम्बलीवर हाफटाइमला टीम एका गोलने मागे, आणि शेवटी साउथॅम्प्टनवर ३-२ ने विजय. टेन्शन घालवण्याचा अक्सीर इलाज म्हणून हा किस्सा मी हॉस्टेलवर सांगितला तेव्हा सगळ्यात जास्त हशा पिकला होता. त्याच दारूने पुढे या माणसाला पोखरलं. शेवटच्या वर्षांत त्याचा चेहरा लालबुंद आणि सुजलेला दिसतो, २००३ मध्ये लिव्हर बदलावं लागलं. हे प्रेक्षकांनाही माहीत आहे, फक्त या दोन गोष्टी ते एका दमात सांगत नाहीत. मीही सांगितल्या नव्हत्या.

आणि टेलर? आठवणींत तो असतो, पण फोटोत कडेला उभा राहिल्यासारखा. म्हणून मी एक उद्योग केला. आम्हाला लॅबमध्ये शिकवतात ना, एकच व्हेरिएबल बदला आणि रीडिंग घ्या, तसं करून पाहिलं. क्लफ फॉरेस्टला आला तो एकटा. टेलर ब्रायटनलाच राहिला होता. एकट्या क्लफच्या काळात फॉरेस्ट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १६ वा आणि मग ८ वा. १९७६ च्या उन्हाळ्यात टेलर येतो, आणि लगेच तिसरा, मग चॅम्पियन, मग युरोप. १९८२ मध्ये टेलर जातो. त्यानंतरच्या अकरा सीझनमध्ये क्लफने १९८९ आणि १९९० चे लीग कप जिंकले, पण लीग किंवा युरोपियन कप परत कधीच नाही. लीड्सचे ४४ दिवस? तेही टेलरशिवाय.

आता एम-थ्रीचे सर म्हणतील, कोरिलेशन म्हणजे कॉजेशन नव्हे. मान्य. शिवाय उलटं रीडिंगही आहे: एकट्या टेलरला ब्रायटन वर चढवता आली नाही आणि पुढे डर्बीतही तो अपयशीच ठरला. म्हणजे दोघांपैकी कुणी एक खरा आणि दुसरा खोटा असं नाही. टेलरची नजर खेळाडू हेरायची. लॉंग ईटनसारख्या छोट्या क्लबमधून गॅरी बर्टल्स दोन हजार पौंडांत आला, तो कार्पेट बसवायचं काम करायचा. केनी बर्न्स बर्मिंगहॅमचा भांडखोर स्ट्रायकर, त्याला यांनी बचावात उभं केलं आणि १९७८ मध्ये तो इंग्लंडचा ‘फुटबॉलर ऑफ द इयर’ झाला. चांगला गोलकीपर सीझनला कितीतरी गुण मिळवून देतो, हा टेलरचा हट्ट. त्यातून पीटर शिल्टन आला. टेलर हेरायचा, आणि त्या हेरलेल्या माणसाकडून खेळ काढून घ्यायचा क्लफ. पण पहिलं काम गर्दीला दिसत नाही. आपल्याकडे गॅदरिंगला टाळ्या स्टेजवरच्याला मिळतात आणि साउंडवाला कोण होता ते कुणाला आठवत नाही, तसंच.

दोघांचं बिनसलं. टेलरने क्लफला न सांगता त्याच्याबरोबरच्या दिवसांवर पुस्तक काढलं. मग मे १९८३ मध्ये, डर्बीचा मॅनेजर झालेल्या टेलरने रॉबर्टसनला डर्बीला नेलं, तेही क्लफ धर्मादाय पदयात्रेला गेलेला असताना. क्लफने बोलणं टाकलं ते टाकलंच. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर मायोर्कात वारला. साडेसात वर्षं एक शब्द नाही! क्लफ अंत्ययात्रेला गेला होता. १९९४ साली आलेलं आत्मचरित्र त्याने पीटरलाच अर्पण केलंय. आमच्या विंगमध्ये दोन जण मेस बिलावरून गेले तीन महिने बोलत नाहीत, त्यांना मी हे मुद्दाम ऐकवलं. काही उपयोग झाला नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते पुढचं. व्हिव्ह ॲंडरसन हा इंग्लंडच्या मुख्य संघाकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, १९७८ साली. तो स्वतः एक आठवण सांगतो. कार्लाइलच्या मैदानावर क्लफने त्याला वॉर्म-अपला पाठवलं, तो लगेच परत आला, कारण प्रेक्षक फळं फेकून मारत होते. क्लफ म्हणाला, परत जा आणि माझ्यासाठी दोन पेअर आणि एक केळं घेऊन ये. नंतर त्याने ॲंडरसनला बाजूला घेऊन समजावलं की या लोकांमुळे तू ढासळलास तर मला दुसरा खेळाडू निवडावा लागेल. हा किस्सा प्रत्येक संग्रहात सापडतो, आणि सापडायलाच हवा. पण जस्टिन फॅशनूचा सापडत नाही. १९८१ मध्ये दहा लाख पौंडांना घेतलेला हा तरुण स्ट्रायकर. तो समलिंगी पुरुषांच्या क्लबमध्ये जातो असं क्लफच्या कानावर आलं. क्लफने त्याला अपमानास्पद प्रश्न विचारले, सरावाला यायला बंदी केली, आणि तरी तो आला तर पोलीस बोलावून बाहेर काढलं. फॅशनूने १९९० मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये असं करणारा तो पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. एका खेळाडूला गर्दीपासून वाचवणारा आणि दुसऱ्याला पोलिसांच्या हाती देणारा माणूस एकच, आणि मधे वर्षंही फार नाहीत.

आणि हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या बाजूला, कुंपणाच्या आत, चेंगराचेंगरी झाली आणि ९७ जण गेले. क्लफ त्या दिवशी तिथेच होता, समोरच्या टीमचा मॅनेजर म्हणून. त्याच वर्षी न्यायमूर्ती टेलर (हे टेलर वेगळे) यांच्या चौकशीचा अहवाल आला की मुख्य कारण पोलिसांचं गर्दीवरचं नियंत्रण सुटणं हे होतं. तरीही १९९४ च्या त्या आत्मचरित्रात क्लफने दोष लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांवर टाकला. ज्यांची मुलं गेली होती त्यांना ते वाचावं लागलं. नंतर त्याने माघार घेतली, आपल्याला चुकीची माहिती मिळाली होती असं म्हणाला. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला: मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यांत काही वाटा नव्हता. क्लफ तोवर जाऊन बारा वर्षं झाली होती. रूम पार्टनरने तो प्रश्न का विचारला होता, ते मला इथे कळलं. त्याच्या आठवणीत क्लफ म्हणजे ते एक पान आहे. हिरवा स्वेटशर्ट त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

मग नॉटिंगहॅमचे लोक खोटं बोलतात का? मला तसं वाटत नाही. १ मे १९९३ चं चित्रण मी कितीदा तरी पाहिलंय. प्रीमियर लीगचा पहिला सीझन, फॉरेस्ट शेवटच्या नंबरावर (टीममध्ये तरुण रॉय कीन असूनही!), घरच्या शेवटच्या मॅचमध्ये शेफिल्ड युनायटेडकडून ०-२ हार आणि खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण पक्की. क्लफ अठरा वर्षांनी निवृत्त होतोय. अशा वेळी गर्दी काय करते? इथे गर्दीने त्याचं नाव घेत गाणी म्हटली. पाहुण्या टीमच्या लोकांनीसुद्धा. ज्याने बुडवलं त्यालाच खांद्यावर घ्यायचं, हे हिशोबात बसत नाही. पण दुसऱ्या डिव्हिजनमधल्या तेराव्या नंबरच्या टीमला म्युनिक आणि माद्रिद दाखवलं, हेही कुठे हिशोबात बसणारं होतं? त्यांच्या आठवणीत क्लफइतकंच त्यांचं स्वतःचं तरुणपण आहे, वडिलांबरोबर टेरेसवर उभं राहणं आहे. ते जपताना फॅशनू गळून गेला. मी मात्र तिथे नव्हतो. मी कुणाचं तरुणपण जपत नाहीये, तेव्हा मला ही सवलत घेता येणार नाही.

२० सप्टेंबर २००४ ला क्लफ गेला. डर्बी आणि नॉटिंगहॅम ही हाडवैर असलेली गावं. शोकसभा आधी डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये ठरली होती, पण मागणी एवढी आली की ती डर्बीच्या प्राइड पार्क मैदानावर न्यावी लागली. १४ हजारांहून जास्त माणसं आली, दोन्ही टीमचे शर्ट घालून, शेजारी-शेजारी बसून. दोन गावांना जोडणाऱ्या ए-५२ रस्त्याला आता त्याचं नाव आहे. २००८ मध्ये नॉटिंगहॅमच्या भर चौकात पुतळा उभा राहिला, त्यात क्लफ एकटा, दोन्ही हात डोक्यावर गुंफलेले. २०१० मध्ये डर्बीने पुतळा केला तो दोघांचा, क्लफ आणि टेलर. नॉटिंगहॅमला उशीर झाला. फॉरेस्टच्या मैदानावर ब्रायन क्लफ स्टँड १९९४ पासून आहे, मेन स्टँडला पीटर टेलरचं नाव दिलं ते २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. दोन्ही स्टँड मैदानाच्या दोन बाजूंना, बरोबर समोरासमोर आहेत.

मॅगझिनला द्यायच्या आधी हा लेख मी रूम पार्टनरला वाचायला दिला. व्याकरणाच्या चुका त्याने सोडून दिल्या. एकच दुरुस्ती केली. हिल्सबरोच्या परिच्छेदात मी ९६ लिहिलं होतं. ते खोडून त्याने ९७ केलं, आणि समासात पेन्सिलने लिहिलं: शेवटचा माणूस २०२१ मध्ये गेला, त्याच दिवशीच्या दुखापतीने, ३२ वर्षांनी.